'छान' म्हणायचं नाही!

दातांच्या डॉक्टरकडे किस्से साठतात, कारण त्याला श्रोते आयते मिळतात. खुर्चीत आडवा झालेला, तोंडात कापसाचे बोळे भरलेला माणूस उठून जाऊ शकत नाही आणि "हे मागच्या वेळी सांगितलंत" असंही म्हणू शकत नाही! वसई तालुक्यात, बोळिंजला माझा दवाखाना आहे. तिथं मी जे किस्से सांगतो ते बहुतेक सगळे एकाच ठिकाणचे, लोपीस सरांच्या रविवारच्या वर्गातले. मध्यंतरी एका पेशंटचं रूट कॅनाल संपलं. त्यानं खळखळून चूळ भरली आणि पहिलं वाक्य काय बोलावं? "डॉक्टर, दुखलं ते जाऊ द्या. त्या होडीचं पुढं काय झालं?"

तेव्हा ठरवलं, आता लिहूनच काढू या. निदान लोकांना त्यासाठी दात किडवायला नकोत.

* * *

लोपीस सर शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झाले. भुईगावला त्यांचं घर आणि केळीची वाडी आहे. घराला लागून एक लांबट खोली आहे. पूर्वी तिथं सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, भरून ठेवायचे, त्यामुळे पावसाळ्यात अजूनही त्या भिंतींना गोडसर वास येतो. दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून आले की सर त्या खोलीत वर्ग घेतात. चित्र काढायचा नाही हं. चित्र बघायचा!

"काढणारे गावोगाव आहेत," सर म्हणतात. "बघणारे कुठायत?"

वर्गात आम्ही चौघं कायमचे. पाचूबंदरचा जयवंत मेहेर, घरची होडी, पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. बँकेतल्या कदम मॅडम, मूळ चिपळूणकडच्या, आता विरारकर. वालीवला पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना असलेले आणि तुळिंजला राहणारे शिंदे. आणि मी. चौघांनाही चित्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, ही आमची एकमेव पात्रता.

पहिल्या दिवशी सरांनी स्वतःचं एक चित्र समोर ठेवलं. मिठागर होतं, जलरंगातलं. म्हणाले, "सांगा, काय दिसतं?"

"छान आहे," कदम मॅडम म्हणाल्या.

"सुंदर," मी.

"एक नंबर," शिंदे.

"मस्त वाटतं, सर," जयवंत.

सरांनी चष्मा काढला. डोळे चोळले. आणि म्हणाले, "छान हा जेवून उठताना म्हणायचा शब्द आहे. चित्र अजून ताटात आहे आणि तुम्ही चौघं हात धुवायला निघालात!"

त्याच दिवशी नियम झाला. त्या खोलीत छान, सुंदर, मस्त, अप्रतिम, सगळं बंद. दिसतं काय ते सांगायचं. रेष कुठून निघते, कुठं जाते. जड बाजू कोणती, हलकी कोणती. डोळा आधी कुठं थांबतो आणि मग कुठं वळतो. ज्याच्या तोंडून 'छान' निघेल, त्यानं वर्ग संपल्यावर सगळ्यांचे कप विसळायचे.

एवढ्यात चहाचा ट्रे घेऊन फिलोमिना टीचर आल्या. टीचर म्हणजे सरांच्या मिसेस. त्याच शाळेत त्यांनी गणित शिकवलं. आजही केस पिकलेले बाप्ये त्यांना रस्त्यात बघून शर्टाचं वरचं बटण लावतात! त्यांनी ट्रे ठेवला आणि त्यांची नजर मिठागरावर गेली. सर चटकन उभे राहिले. "कसं वाटलं, फिलो?"

"छान आहे," टीचर म्हणाल्या आणि निघून गेल्या.

शिंद्यांनी अगदी भोळा चेहरा करून विचारलं, "सर, मग कप...?"

"तिला नियम लागू नाही," सर म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "लग्न झाल्यापासून प्रत्येक चित्राला हेच ऐकतोय. एकदा वैतागून चित्र उलटं धरून दाखवलं. तेव्हाही छान आहे!"

आम्ही पोट धरून हसलो. सरही हसले, पण जरा उशिरा.

* * *

दातांच्या डॉक्टरला जगात सगळं एका ओळीत लागतं. सरांनी एकदा टेबलावर चार लिंबं आणि एक तांब्या ठेवून सांगितलं, "मांडा पाहू." मी तांब्या बरोबर मधोमध ठेवला. दोन लिंबं इकडे, दोन लिंबं तिकडे. मोजपट्टी लावली तरी चूक सापडली नसती.

सर बराच वेळ बघत राहिले. "डॉक्टर, ही मांडणी आहे की कवळी?"

मग त्यांनी तांब्या एका बाजूला सरकवला. तीन लिंबं त्याच्या पायाशी ठेवली आणि चौथं पार टेबलाच्या टोकाला. एकटं. आणि खरं सांगतो, ते टेबल एकदम जिवंत झालं. एका बाजूला एवढा मोठा तांब्या आणि दुसरीकडे एवढंसं लिंबू, पण तोल साधलेला! "दोन्हीकडे सारखं वजन टाकलं की तराजू होतो," सर म्हणाले. "चित्रातला तोल वेगळा. तिथं एकटं पडलेलं लिंबूसुद्धा तांब्याला भारी पडतं."

मी भारावून गेलो. भारावलेला माणूस दवाखान्यात किती धोकादायक असतो, ते दुसऱ्या दिवशी कळलं. एक मुलगी आईबरोबर आली. लग्न ठरलेलं. पुढच्या दोन दातांत बारीक फट होती, ती बुजवून हवी होती. मी तिच्यासमोर आरसा धरून सांगितलं, "हसून बघ. डोळा आधी कुठं जातो? फटीकडे! मग तिथून गालाच्या खळीकडे. अख्ख्या चेहऱ्याचा तोल त्या फटीवर आहे. हात लावू नकोस."

मुलीला पटलं. आईला नाही. आईनं मुलीचा दंड धरला आणि तडक दुसऱ्या डॉक्टरकडे नेऊन फट बुजवून घेतली.

लग्नानंतर ती मुलगी परत आली. एकटी. खुर्चीत बसली आणि म्हणाली, "डॉक्टर, नवरा म्हणतो, साखरपुड्यात हसलीस तशी आता हसत नाहीस. उघडून द्या!"

* * *

आता होडी.

सरांनी एकदा निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपावर एक संत्रं ठेवलं. मग तेच संत्रं पिवळ्या केळ्यांच्या घडात ठेवलं. "कुठं जास्त ओरडतंय?" त्यांनी विचारलं. अर्थातच निळ्यावर. घडात तर ते केळ्यांचं चुलत भावंड वाटत होतं. निळा आणि नारिंगी हे समोरासमोरचे रंग, एकमेकांना उठाव देतात, असं सरांनी समजावलं.

जयवंत पिंपाकडे बघत बसला. चहा थंड झाला तरी बघत होता. मग म्हणाला, "सर, म्हंजे आमची निली होडी निल्या पान्यावर कोनाला दिसनार?"

सीझन सुरू व्हायच्या आधी बंदरावर होड्या रंगवायचं काम चालतं. जयवंतच्या घरची होडी आजोबांपासून निळी. ह्यानं त्या वर्षी काठाला रुंद नारिंगी पट्टा ओढला. भावांनी बोलणं टाकलं. आई म्हणाली, "होडी हाय का वरातीची घोडी?" बंदरावर पोरं पट्टा बघून शिट्ट्या मारायला लागली.

पण धुक्याच्या सकाळी होड्या परत यायला लागल्या की किनाऱ्यावर थांबलेल्या बायकांना सगळ्यात आधी एकच होडी ओळखू यायची. जयवंतच्या आईला लेक परत येताना इतरांच्या आधी दिसायचा. मग तिनं घोडी म्हणणं बंद केलं. पुढच्या सीझनला शेजाऱ्यानं नारिंगी पट्टा मारला. मग त्याच्या मेव्हण्यानं. बघता बघता अख्खं बंदर नारिंगी!

सरांना हे कळल्यावर ते इतके खूश झाले की स्वतःच्या खर्चानं रिक्षा करून आम्हा सगळ्यांना पाचूबंदरला घेऊन गेले. नारिंगी पट्ट्यांची ती रांग बघून त्यांचे डोळे भरून आले. "जयवंत, तुझी कुठली रे?"

जयवंतनं बोट दाखवलं. रांगेत एकच होडी नखशिखांत निळी होती.

"आता तीच दिसते, सर," तो म्हणाला.

* * *

कदम मॅडमच्या धाकट्या भावासाठी मुली बघणं चालू होतं. फोनवर फोटो यायचे आणि मॅडम ते वर्गात शिकल्याप्रमाणे बघायच्या. "ह्या फोटोत डोळा आधी फ्रीजवर जातो. मुलगी नंतर दिसते. ह्यांना मुलगी दाखवायचीय की फ्रीज?" असं म्हणून त्यांनी एक स्थळ नाकारलं होतं. घरचे डोक्याला हात लावून बसले होते.

मग चिपळूणहून एक फोटो आला. घरगुती कार्यक्रमातला, तीन मुली ओळीनं उभ्या. मधली नटूनथटून, ताठ, थेट कॅमेऱ्यात बघणारी. कडेची अर्धवट वळलेली, कशाला तरी खळखळून हसणारी. आता कुठल्याही शहाण्या माणसाला मधली मुलगी हेच स्थळ वाटलं असतं. पण कदम मॅडम शहाण्या राहिल्या नव्हत्या, त्या आमच्या वर्गातल्या होत्या!

"मुख्य गोष्ट मधोमध ठेवत नाहीत," त्यांनी घरच्यांना समजावलं. "डोळा कुठं थांबतो ते बघा. सगळ्या रेषा कडेच्या मुलीकडे जातात. स्थळ तीच." आणि भावाच्या मनात कडेची मुलगी भरवून दिली.

सगळे चिपळूणला गेले. पोहे घेऊन आली ती मधली. मागून पाण्याचे ग्लास घेऊन कडेची आली, ती मावसबहीण. भावाची नजर पोह्यांवरून घसरली ती ग्लासांवर जाऊन अडकली.

नंतर कळलं, त्या मधल्या मुलीला हे स्थळ नकोच होतं. तिनंच बहिणीचा नंबर कदम मॅडमना पाठवला. सगळं रीतसर जुळलं, लग्न झालं, धुमधडाक्यात झालं. आम्हीही गेलो होतो. प्रत्येक फोटोच्या वेळी ती मधली मुलगी आपली साडी सावरत अगदी कडेला जाऊन उभी राहायची.

मॅडमनी विचारलं, "अगं, मध्ये ये ना!"

"नको ताई," ती म्हणाली. "तुमच्या वसईत कडेला उभं राहिलं की स्थळ येतं!"

* * *

शिंद्यांचं सगळ्यात जास्त प्रेम लयीवर. रिदम म्हणायचे ते. एक आकार पुन्हा पुन्हा येतो, पण दर वेळी थोडा बदलून, आणि डोळा त्याच्या मागं मागं चालत जातो, हे सरांनी वाडीतल्या केळींची रांग दाखवून शिकवलं होतं. शिंदे त्या दिवशी घरी जाताना रस्त्यातले विजेचे खांबसुद्धा कौतुकानं बघत गेले.

तुळिंजला त्यांच्या बिल्डिंगची कंपाउंडची भिंत पान खाऊन थुंकणाऱ्यांनी लाल केली होती. कमिटीत ठरलं, देवांच्या फरशा लावू. शिंदे उभे राहिले. "भिंत सुंदर केली की लोक थुंकणार नाहीत. मला द्या भिंत." आणि त्यांनी भिंतीवर उभे पट्टे मारून घेतले. एक रुंद, एक अरुंद, एक हिरवट, एक पिवळट. लांबून बघितलं तर भिंत चालतेय असं वाटायचं.

थुंकणं खरंच थांबलं. कारण आठवडा व्हायच्या आत भिंतीसमोर जागाच उरली नाही! एकेका रुंद पट्ट्यासमोर एकेक भाजीवाली येऊन बसली. अरुंद पट्टा जायला-यायला मोकळा. कोणी कोणाच्या पट्ट्यात टोपली सरकवायची नाही, भांडण नाही, तंटा नाही.

सेक्रेटरी लालबुंद होऊन खाली उतरले. "इथं बसायला सांगितलं कुणी?"

कोथिंबीरवाली तेवढ्याच ठसक्यात म्हणाली, "भाऊ, तुम्हीच तर खुणा मारून दिल्यात!"

शिंदे तोंड लपवत फिरत होते. सरांना कसं सांगायचं ही त्यांची खरी चिंता. सरांनी ऐकलं आणि संध्याकाळी थेट तुळिंजला हजर. रस्त्याच्या पलीकडे उभे राहून बघत राहिले. हिरव्या पट्ट्यापुढं टोमॅटोचे ढीग, पिवळ्यापुढं वांगी, मग कोथिंबीर, मग गाजरं. शेवटी त्यांनी शिंद्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू नुसती रेघ ओढलीस," सर म्हणाले. "रंग ह्यांनी भरले. पूर्ण झालं चित्र."

अशा वेळी हा माणूस मला फार मोठा वाटतो. आपल्या शिकवण्याचा असा बाजार झालेला बघून दुसरा कोणी चिडला असता.

* * *

एका रविवारी सरांनी आम्हाला वाडीत नेलं आणि केळीखाली बसवलं. "पानं काढायची नाहीत. पानांच्या मधून जे आकाश दिसतं त्याचा आकार काढा."

ऐकायला सोपं वाटतं, पण बसून बघा करून! डोळा सारखा पानाकडे पळतो. मग हळूहळू ते आकाशाचे तुकडे दिसायला लागतात. कुठं त्रिकोण, कुठं मासा, कुठं फाटलेला पतंग. "रिकामी जागा रिकामी नसते," सर आमच्या मागून फिरत सांगत होते. "तिलाही आकार असतो. पान चुकलं तर चालेल, जागा चुकली तर सगळं चुकलं."

आम्ही माना वर करून तल्लीन. एवढ्यात टीचर कोयता घेऊन आल्या. "उठा जरा. घड उतरवायचाय."

"फिलो, थोडा वेळ थांब ना," सर कळवळून म्हणाले. "मुलं आकाश काढतायत." आमच्यातलं सगळ्यात लहान मूल चाळिशीचं होतं.

"आकाश कुठं जातंय? माणूस घड न्यायला येऊन उभाय."

"पण जागा बदलेल ना!"

टीचरनी कोयता चालवला. घड उतरला, दोन पानं आडवी झाली आणि आमचे त्रिकोण, मासे, पतंग सगळे मिळून एकच भलंमोठं आकाश झालं. टीचरनी वर बघितलं.

"बदलली," त्या म्हणाल्या. "छान आहे."

* * *

टीचरच्या तोंडून 'छान'शिवाय काहीतरी काढायचंच, असा आम्ही चंग बांधला होता. कदम मॅडम स्वयंपाकघरात शिरल्या, सुकेळी कशी करतात विचारता विचारता गाडी चित्रांवर आणली. टीचर म्हणाल्या, "मला गणितातलं विचार." जयवंतनं एकदा ताज्या पापलेटांची पिशवी हातात देत विचारलं, "टीचर, सरांचं कोनतं चित्र तुमाला आवडतं?" टीचर पापलेटांचे कल्ले उचलून बघत म्हणाल्या, "हे आवडले." मी दात तपासताना विचारायचं ठरवलं होतं, पण तोंड उघडं असताना त्या बोलणार कशा!

सरांना हे आमचे उद्योग माहीत होते. ते कधी थांबवायचे नाहीत. उलट, "काही म्हणाली का?" असं डोळ्यांनीच विचारायचे. एकदा वर्ग संपल्यावर आम्ही दोघंच होतो. सर ब्रश धूत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "डॉक्टर, बक्षिसं मिळाली, विद्यार्थी नावारूपाला आले, पोट भरलं. पण घरातलं माणूस बोललं नाही ना, तर चित्र वाळतच नाही हो. ओलंच राहतं."

आम्ही काय बघतो ते सांगायला सरांनी आम्हाला शिकवलं होतं. त्यांना मात्र एकाच माणसाच्या डोळ्यांना काय दिसतं ते ऐकायचं होतं.

* * *

मग आम्ही सरांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं, गावातल्याच हॉलमध्ये. सर नको नको म्हणत होते. शेवटी म्हणाले, "फिलो येणार असेल तर करा."

टीचर म्हणाल्या, "येईन की. मी कधी नाही म्हटलं?"

पलंगाखालून, कपाटावरून, गोणपाटात गुंडाळलेली, अशी चित्रं निघाली. सगळ्यात मागं भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं एक तैलचित्र होतं. "ते राहू दे," सर म्हणाले. पण कदम मॅडमनी ते उजेडात आणलं आणि आम्ही चौघं जवळ सरकलो. घराची मागची पडवी. ओली जमीन. परातीत मासळी, शेजारी विळी. एका बाजूला मांजर, मान वर करून बसलेलं. आणि मधोमध मोठी मोकळी भिंत, उन्हानं फिक्कट पिवळी झालेली. बस्स. एवढा मोठा अवकाश सरांनी दुसऱ्या कुठल्याच चित्रात सोडला नव्हता. आम्ही हट्टानं ते हॉलच्या दारासमोरच्या भिंतीवर लावलं.

रविवारी मिस्सा सुटल्यावर गाव लोटलं. शिंदे लोकांना लय समजावत होते, कदम मॅडम लोकांचे डोळे योग्य जागी थांबवत होत्या, जयवंत नारिंगी शर्ट घालून आला होता. त्या पडवीच्या चित्रापाशी मी उभा होतो. सरांचं शिकवणं मी त्यांच्यासमोरच त्यांच्या गावाला ऐकवत होतो, आणि छाती फुगली होती. "ही रिकामी जागा बघा," मी सांगत होतो. "सगळ्या वस्तू कडेला ढकलल्यात. मध्ये काहीच नाही. आणि तरी चित्राचा सगळा तोल त्या नसण्यावर आहे!" लोक माना डोलवत होते. सर माझ्या शेजारी उभे होते, पण त्यांचं लक्ष दाराकडे.

टीचर आल्या. ठेवणीतली साडी, हातात पर्स. परीक्षेच्या हॉलमधून सुपरव्हायझर फिरतो तशा एका टोकापासून निघाल्या. मिठागर, "छान आहे." बंदर, "छान आहे." चर्चचा जिना, "छान आहे." सर त्यांच्या मागून एक पाऊल अंतर ठेवून चालत होते. दर 'छान'ला त्यांची मान थोडी खाली जात होती.

पडवीच्या चित्रापाशी टीचर थांबल्या. पर्समधून चष्मा काढला. जवळ गेल्या. मग मागं सरकल्या, इतक्या की लोकांना बाजूला व्हावं लागलं. पुन्हा जवळ आल्या.

"मांजर वर कुणाकडे बघतंय?" त्यांनी विचारलं.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. सरांनी माझा हात दाबला.

"जमीन ओली आहे," टीचर म्हणाल्या. "मासळी अर्धी साफ झालीय, अर्धी बाकी आहे. आणि विळी उघडी आहे." त्या सरांकडे वळल्या. "उघडी विळी टाकून मी आयुष्यात कधी उठले नाही. मी इथंच बसलेय. मला का पुसलंत?"

सरांनी माझा हात सोडला.

"जमत नव्हतीस," सर म्हणाले. "कितीदा काढली, कितीदा खरवडली. चेहरा येईना. शेवटी भिंतीचा रंग लावून टाकला."

"कुठं बसून काढत होता?"

"माडीवर. आठवून."

"आठवून?" टीचरनी चष्मा काढला. "अहो, मी खालीच होते की!"

आयुष्यभर दुसऱ्यांना प्रश्न विचारणारा माणूस, पहिल्या बाकावरच्या पोरासारखा उभा होता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

टीचरनी मान वळवून गर्दीत जयवंतला शोधलं. "जयवंत, उद्या सकाळी मासळी पाठव. साफ न केलेली."

मग सरांना म्हणाल्या, "खुर्ची घेऊन खाली या. आणि ह्या वेळी बघून काढा."